‘चेटूक’ आणि ‘करणी’ : मराठीतील अभिचारवाचक शब्दांची व्युत्पत्ती आणि आरोपाचे व्याकरण

सारांश

मराठीत अभिचारविद्येसाठी ‘जादू’, ‘चेटूक’ आणि ‘करणी’ हे तीन शब्द विशेष रूढ आहेत. सामान्य बोलण्यात ते समानार्थी मानले जात असले तरी त्यांची मुळे, मराठीत येण्याचे मार्ग आणि अर्थच्छटा भिन्न आहेत. प्रस्तुत लेखात या शब्दांची व्युत्पत्ती ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांच्या आधारे तपासली असून, तुलनेसाठी कन्नड, पोर्तुगीज आणि प्राचीन नॉर्स या भाषांतील शब्द घेतले आहेत. या शब्दांच्या रचनेतच ‘हे कोणी केले?’ हा प्रश्न दडलेला आहे व तोच प्रश्न पुढे एखाद्या व्यक्तीवरील आरोपाचे रूप घेतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : अभिचार, चेटूक, करणी, यातु, कृत्या, व्युत्पत्ती, अर्थपरिवर्तन.

१. प्रस्तावना

पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात भाषाविज्ञान शिकविताना अर्थपरिवर्तनाची उदाहरणे विद्यार्थ्यांकडूनच मागवावीत, असा प्रस्तुत लेखिकेचा प्रघात आहे. एकदा ‘जादूटोणा’ या अर्थाचे घरात वापरले जाणारे शब्द लिहून आणण्यास सांगितले होते. कोल्हापूर शहर, करवीर, शिरोळ, गडहिंग्लज अशा निरनिराळ्या भागांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत करणी, भानामती, मूठ, उतारा, बाहेरचं, देवरुषीपण असे शब्द आले. ‘चेटूक’ हा शब्द मात्र फार थोड्यांनी लिहिला होता. एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, आमच्यात चेटूक म्हणत नाहीत. ‘केलंय’ एवढंच म्हणतात.”

या उत्तराने प्रस्तुत लेखाला दिशा दिली. ‘केलंय’ या क्रियापदात कर्ता नाही, कर्म नाही, साधनाचा उल्लेख नाही. तरीही ऐकणाऱ्यास सर्व काही कळते. अभिचाराचे नाव टाळून केवळ ‘करणे’ या क्रियेने त्याचा निर्देश करण्याची ही पद्धत मराठीपुरती मर्यादित नाही, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

चेटकीण ठरवून स्त्रियांना मारहाण होणे, वाळीत टाकणे, गावातून हाकलणे या घटना महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. अशा घटनेत दगडाच्या आधी शब्द फेकला जातो. म्हणून त्या शब्दाचा इतिहास पाहणे हे केवळ कोशकाराचे कुतूहल ठरत नाही.

२. उद्दिष्टे आणि पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) ‘जादू’, ‘चेटूक’ आणि ‘करणी’ या शब्दांची मुळे व त्यांचे मराठीत येण्याचे मार्ग स्पष्ट करणे.
२) या शब्दांतील लिंगभेदाचा व अर्थभेदाचा विचार करणे.
३) शब्दाची घडण आणि सामाजिक आरोप यांतील संबंध तपासणे.

मराठी शब्दांचा व्युत्पत्तिविचार करताना मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७), दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ (१९४६) ही अभ्यासकांची नेहमीची साधने होत. तथापि येथे भर कोशातील नोंदींपेक्षा ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांवर दिला आहे. कारण उच्चारातील साम्यावरून सुचणारी व्युत्पत्ती आणि नियमाने सिद्ध होणारी व्युत्पत्ती यांत अंतर असते.

३. ‘जादू’ : घरी परतलेला शब्द

‘जादू’ हा शब्द मराठीत फारसीतून आला, हे सर्वश्रुत आहे. पण फारसीतील ‘जादू’ आणि ऋग्वेदातील ‘यातु’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही. अवेस्तेतही ‘यातु’ हा शब्द अभिचार व अभिचार करणारा या अर्थांनी येतो. प्राचीन इराणी भाषेतील शब्दारंभीचा ‘य’ फारसीत ‘ज’ झाला आणि दोन स्वरांमधील ‘त’ चा ‘द’ झाला. त्यामुळे ‘यातु’ चे ‘जादू’ झाले. याच नियमाने संस्कृत ‘युवन्’ शी नाते असणारा फारसी शब्द ‘जवान’ असा आहे.

येथे एक शंका उपस्थित होऊ शकते. शब्दारंभीच्या ‘य’ चा ‘ज’ मराठीतही होतो. ‘यात्रा’ पासून ‘जत्रा’ आणि ‘यक्षिणी’ पासून ‘जखीण’ हे शब्द असेच झाले. मग ‘जादू’ हा ‘यातु’ पासून थेट मराठीत का आला नसावा? याचे उत्तर ‘द’ या व्यंजनात आहे. प्राकृतातून मराठीत येताना दोन स्वरांमधील ‘त’ सामान्यतः लोप पावतो. ‘घात’ पासून ‘घाव’ झाला तो याच रीतीने. ‘यातु’ थेट आला असता तर त्यात ‘द’ राहिला नसता. तेव्हा हा शब्द इराणमार्गे परत आला, असेच मानावे लागते.

ऋग्वेदातील यातुविषयक उल्लेखांपैकी एक विशेष महत्त्वाचा आहे. सातव्या मंडलातील १०४ वे सूक्त यातुधान व राक्षस यांच्या नाशासाठी आहे. परंपरेने ते वसिष्ठांच्या नावावर आहे. त्यातील १५ व्या व १६ व्या ऋचांत बोलणारा स्वतःवरच आलेला आरोप नाकारतो. आपण यातुधान असू तर आजच मरण यावे, अशी शपथ तो घेतो. त्यापुढे, आपल्याला खोटेच यातुधान म्हणणाऱ्याला त्याच्या पुत्रांचा वियोग घडावा आणि इंद्राने त्याला शासन करावे, असेही तो मागतो. म्हणजे आपल्या प्राचीनतम वाङ्मयात अभिचाराच्या भीतीबरोबरच अभिचाराच्या खोट्या आरोपाची भीतीही नोंदलेली आहे. आरोप झालेल्या माणसाचा आवाज तेथे ऐकू येतो. पुढच्या काळात असा आवाज क्वचितच नोंदला गेला.

४. ‘चेटूक’ : सेवकाचा शब्द

‘चेटूक’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘चेट’ किंवा ‘चेटक’ या शब्दात आहे. ‘चेट’ म्हणजे दास, नोकर. ‘चेटी’ म्हणजे दासी. संस्कृत नाटकांच्या वाचकास हे शब्द परिचित आहेत. ‘मृच्छकटिक’ नाटकातील शकाराचा सेवक स्थावरक हा चेटच आहे. वसंतसेनेला ठार मारण्याची धन्याची आज्ञा तो पाळत नाही. शरीरावर धन्याची सत्ता असली तरी शीलावर नाही, अशी त्याची भूमिका आहे. या प्रसंगाचा उल्लेख पुढील विवेचनासाठी उपयुक्त आहे.

संस्कृतातील दोन स्वरांमधल्या ‘ट’ चा प्राकृतात ‘ड’ होतो. ‘घट’ पासून ‘घडा’, ‘वट’ पासून ‘वड’, ‘कटु’ पासून ‘कडू’, ‘कीट’ पासून ‘कीड’ ही उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. या नियमानुसार ‘चेट’ चे ‘चेड’ व्हावयास हवे आणि तसे ते झालेही आहे. गोव्याच्या कोकणीत ‘चेडो’ म्हणजे मुलगा व ‘चेडूं’ म्हणजे मुलगी. मालवणीतील ‘चेडू’ हा मुलीसाठीचा मायेचा शब्द आहे. सेवक आणि मूल यांसाठी एकच शब्द असणे अस्वाभाविक नाही. चहाच्या दुकानातील हरकाम्या मुलाला आपण ‘पोऱ्या’ म्हणतो, त्यात हीच प्रक्रिया आहे. हिंदीतील ‘चेरी’ (दासी) हा शब्द याच कुळातील असून ‘चेला’ हाही त्याच्याशी संबंधित मानला जातो.

त्याच कोकणात ‘चेडा’ ही एक भूतयोनीही आहे. एकाच शब्दाच्या एका रूपाने घरातील लेकीला हाक मारावी आणि दुसऱ्या रूपाने वेशीवरच्या भुताचा निर्देश करावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण ‘सेवक’ हा मूळ अर्थ लक्षात घेतल्यास दोन्ही वाटा उलगडतात. मध्ययुगीन तंत्रसाहित्यात यक्षिणी, किंकर, चेटिका अशा सेवकयोनी साधनेने वश करून घेण्याचे विधी सांगितलेले आहेत. साधकाने आज्ञा करावी आणि या अदृश्य सेवकाने ती पार पाडावी, अशी ही कल्पना आहे. अरबी कथांतील दिव्याचा जिन्न याच प्रकारचा नोकर होय.

अशा रीतीने ‘चेटक’ म्हणजे सेवक, मग वश केलेला अदृश्य सेवक, मग त्याच्याकडून काम करवून घेण्याची विद्या, असा अर्थाचा प्रवास झालेला दिसतो. हिंदीतही ‘चेटक’ या शब्दाला ‘दास’ आणि ‘इंद्रजाल’ हे दोन्ही अर्थ आहेत. हा विकास केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमधील चेटकिणींच्या खटल्यांत त्यांच्याजवळ असल्याचे मानले जाणाऱ्या मांजर, बेडूक आदी रूपांतील पिशाच्चांना ‘फॅमिलिअर’ म्हणत. या शब्दाच्या मुळाशी असलेला लॅटिन ‘फॅम्युलस’ हा शब्दही घरातील सेवकाचाच वाचक आहे.

आता ‘ट’ चा प्रश्न राहतो. ‘चेडा’ मध्ये ‘ट’ चा ‘ड’ झाला, मग ‘चेटूक’ मध्ये तो तसाच का राहिला? प्रस्तुत लेखिकेच्या मते, हा शब्द लोकांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या झिजत आलेला नसून संस्कृत जाणणाऱ्या मांत्रिकांच्या पोथ्यांतून पुढे उचलला गेला असावा. तो अर्धतत्सम आहे. कोल्हापूर परिसरातील विद्यार्थ्यांच्या वह्यांत तो क्वचितच आढळला, याचाही या अनुमानाशी मेळ बसतो. तो छापील मराठीत आणि मुलांच्या गोष्टींत जितका भेटतो, तितका शेताच्या बांधावर भेटत नाही.

या व्युत्पत्तीतून एक गोष्ट स्पष्ट होते. चेटूक या कल्पनेत तीन पात्रे आहेत : आज्ञा देणारा धनी, ती पाळणारा अदृश्य सेवक आणि पीडित. यांपैकी सेवक कोणाला दिसत नाही. पीडित समोर असतो. त्यामुळे संपूर्ण शोध धन्याकडे वळतो आणि कोणाला तरी त्या जागी उभे करावे लागते. मृच्छकटिकातील चेट धन्याची आज्ञा नाकारू शकला आणि पुढे सत्य सांगण्यासाठी धडपडलाही. अदृश्य चेट कोणाच्याही बाजूने साक्ष देत नाही.

५. चेटकीण, डाकीण आणि जादूगार

‘माळी’–‘माळीण’, ‘तेली’–‘तेलीण’ या जोड्यांत ‘-ईण’ प्रत्ययाने पुल्लिंगी नामापासून स्त्रीलिंगी नाम सिद्ध होते. त्याचप्रमाणे ‘चेटकी’ पासून ‘चेटकीण’ झाले. व्याकरणदृष्ट्या मूळ पुल्लिंगी रूप आधीचे. व्यवहारात मात्र ‘चेटकी’ किंवा ‘चेटक्या’ ही पुल्लिंगी रूपे जवळजवळ लोपली आणि ‘चेटकीण’ तेवढी उरली. पुरुषासाठी ‘मांत्रिक’, ‘देवरुषी’, ‘भगत’ हे शब्द आहेत व ते व्यवसायाचे निदर्शक आहेत. चेटकीण हा मात्र कोणा स्त्रीचा व्यवसाय नसतो. तो इतरांनी तिला दिलेला शब्द असतो.

हा भेद ‘जादूगार’ या शब्दाशी तुलना केल्यास अधिक ठळक होतो. जादूगार रंगमंचावर उभा राहतो, त्याचे खेळ तिकीट काढून पाहिले जातात आणि त्याच्या हातचलाखीचे कौतुक होते. पुण्याचे जादूगार रघुवीर यांना महाराष्ट्राने हे प्रेम दिले. एकच अद्भुत सामर्थ्य पुरुषाच्या ठायी कला मानावे आणि स्त्रीच्या ठायी अपराध मानावे, अशी ही शब्दव्यवस्था आहे. मराठी बालरंगभूमीने या शब्दाची धार काहीशी बोथट केली, हे मान्य केले पाहिजे. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या नाटकातील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी आणि २०१८ च्या पुनरुज्जीवित प्रयोगांत वैभव मांगले यांनी रंगविली. मुले तिला पाहून घाबरतात त्याहून अधिक हसतात.

‘डाकीण’ या शब्दाचा इतिहासही याच दिशेने जातो. संस्कृत ‘डाकिनी’ चे प्राकृतमार्गे हिंदीत ‘डायन’ झाले. त्यात ‘क’ लोपला. मराठीतील ‘डाकीण’ मध्ये ‘क’ टिकून आहे, म्हणजे हाही ‘चेटूक’ प्रमाणे अर्धतत्सम शब्द आहे. राजस्थानातील गंगधार येथील इसवी सन ४२३-२४ च्या शिलालेखात मातृकांच्या मंदिराच्या संदर्भात डाकिनींचा उल्लेख आहे. वज्रयान बौद्ध परंपरेत डाकिनी ही ज्ञानाची अधिष्ठात्री मानली जाते; तिबेटी भाषेतील तिच्या नावाचा अर्थ आकाशात संचार करणारी असा होतो. आणि नंदुरबार जिल्ह्याच्या सातपुडा भागात ‘डाकीण’ ठरविल्या गेलेल्या स्त्रियांचा छळ झाल्याच्या घटना अलीकडच्या काळापर्यंत उघडकीस आल्या आहेत. ठाणे-पालघर भागातील वारली समाजात याच अर्थाने ‘भुताळी’ हा शब्द वापरला जातो.

६. ‘करणी’ : न सांगितलेला कर्ता

कोल्हापूर परिसरात सर्वाधिक रूढ असलेला शब्द ‘करणी’ हा होय. ‘कृ’ या धातूपासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘कृती’ एवढाच आहे. ‘जैसी करणी वैसी भरणी’ या म्हणीत तो त्याच साध्या अर्थाने येतो. पण ‘तिच्यावर करणी केली आहे’ या वाक्यात त्याला वेगळाच अर्थ येतो.

या अर्थाला फार प्राचीन पूर्वपीठिका आहे. अथर्ववेदातील ‘कृत्या’ हा शब्द याच ‘कृ’ धातूपासून आला आहे. कृत्या म्हणजे केलेली, घडविलेली अभिचारिक वस्तू. दहाव्या कांडाच्या पहिल्या सूक्तात वधूप्रमाणे सजविलेल्या कृत्येचे वर्णन असून तिला तिच्या कर्त्याकडे परत पाठविण्याची प्रार्थना आहे. भागवतातील अंबरीषाच्या आख्यानात दुर्वास ऋषी आपल्या जटेपासून कृत्या निर्माण करतात. सुदर्शन चक्र ती जाळून टाकते आणि मग दुर्वासांच्याच मागे लागते. आजच्या बोलीतील ‘करणी उलटणे’ या प्रयोगामागे हीच कल्पना आहे.

शेजारच्या भाषांकडे पाहिले असता हीच अर्थरचना आढळते. गडहिंग्लज-चंदगडच्या सीमेवर जिची सोबत आहे त्या कन्नडमध्ये अभिचाराला ‘माट’ म्हणतात. हा शब्द ‘माडु’ म्हणजे ‘करणे’ या धातूपासून झाला आहे. दक्षिणेस गोव्यात साडेचारशे वर्षे राज्यभाषा असलेल्या पोर्तुगीजमध्ये अभिचाराला ‘फेइतिसु’ हा शब्द आहे. तो लॅटिनमधील ‘करणे, बनविणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेल्या विशेषणावरून सिद्ध झाला. पोर्तुगीज खलाशांनी तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेला आणि तेथूनच युरोपीय भाषांतील ‘फेटिश’ हा मानववंशशास्त्रीय शब्द जन्मला. आर्य, द्राविड आणि रोमान्स अशा तीन गटांतील भाषा एकाच निष्कर्षावर येतात की, अभिचार म्हणजे ‘केलेले’.

असे का व्हावे? ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी आफ्रिकेतील अझांदे लोकांवरील १९३७ च्या ग्रंथात याचा उलगडा करणारे उदाहरण दिले आहे. वाळवीने खांब पोखरल्यामुळे धान्याची कोठी कोसळते, हे अझांदे जाणतात. पण ती नेमकी याच माणसावर आणि याच वेळी का कोसळली, या प्रश्नाचे उत्तर त्यांना अभिचारात मिळते. आपल्याकडेही म्हैस आटली, मूल तापाने फणफणले, नुकत्याच लावलेल्या उसाला कीड लागली, तर कारण माहीत असूनही ‘आपल्याच वाट्याला का?’ हा प्रश्न उरतो. ‘करणी’ हा शब्द त्या प्रश्नाला क्रियेचे रूप देतो. आणि क्रिया म्हटली की कर्ता आलाच.

मराठीच्या कर्मणी प्रयोगात कर्ता न सांगण्याची सोय आहे. ‘करणी केली आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण वाटते, पण अर्थदृष्ट्या त्यात एक रिकामी जागा असते. ‘केलंय’ या एका शब्दात तर ती अधिकच जाणवते. ही रिकामी जागा भरण्यासाठी घरातील माणसे देवरुषाकडे जातात. देवरुषी बहुधा नाव घेत नाही. घराची दिशा, नात्याचा दुवा, जुन्या वादाची खूण एवढेच तो सुचवितो आणि नाव ऐकणाऱ्याच्या मनात आधीच तयार असते. ते नाव बहुधा विधवेचे, एकट्या राहणाऱ्या वृद्धेचे, वाटणीवरून दुरावलेल्या भावजयीचे असते. प्रत्युत्तर देण्याची शक्ती ज्याच्याजवळ कमी, तो त्या जागी बसतो.

७. उत्तर युरोपातील तुलना

ही प्रक्रिया आपल्याच समाजाचे वैगुण्य आहे, असा समज होऊ नये म्हणून दूरच्या नॉर्वेचे उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल. आजच्या नॉर्वेजिअन भाषेत चेटकिणीला ‘हेक्स’ म्हणतात. हा शब्द जर्मन भाषांतून उत्तरेकडे गेला. त्याच्या प्राचीन जर्मन रूपातील पहिल्या घटकाचा अर्थ ‘कुंपण’ असा लावला जातो. म्हणजे वस्ती आणि रान यांच्या सीमेवर वावरणारी ती. आपल्याकडील ‘बाहेरचं’ या शब्दाची येथे आठवण होते. अभिचारासाठीचा दुसरा शब्द ‘ट्रॉलडॉम’ हा ट्रॉल या अतिमानवी योनीच्या नावावरून आला आहे.

मात्र आपल्या विषयाशी सर्वांत जवळचा शब्द प्राचीन नॉर्सचा आहे. त्या भाषेत ‘गेर्निंगार’ या अनेकवचनी शब्दाचे दोन अर्थ होते : कृत्ये आणि अभिचार. अभिचाराने उठविलेल्या वादळालाही याच शब्दापासून बनलेले नाव होते. म्हणजे आर्क्टिकच्या काठावरचा कोळी आणि पंचगंगेच्या काठावरचा शेतकरी यांनी आपापल्या संकटाला एकच नाव दिले होते : करणी.

परिणामही सारखेच झाले. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा चौथा ख्रिश्चन याने १६१७ मध्ये अभिचार करणाऱ्यांविरुद्ध फर्मान काढले. नॉर्वेच्या उत्तर टोकावरील फिनमार्क या विरळ वस्तीच्या प्रदेशात सतराव्या शतकात ९१ जणांना देहान्त शासन झाले. त्यांत ७७ स्त्रिया होत्या. अनेकींवर जहाजे बुडविणारी वादळे उठविल्याचा आरोप होता. २०११ मध्ये वार्डो येथे त्यांचे स्मारक उभारण्यात आले. त्यात प्रत्येकासाठी एक लहान खिडकी, एक दिवा आणि न्यायालयीन कागदपत्रांच्या आधारे लिहिलेली त्या व्यक्तीची हकिकत आहे. ज्या कागदांनी त्यांना मारले त्याच कागदांमुळे त्यांची नावे उरली. आपल्याकडे पंचायतीच्या तोंडी निवाड्यांत गेलेल्या स्त्रियांची नावे अशी उरली नाहीत.

८. कायद्यातील शब्द

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच महिन्यात राज्य शासनाने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने अधिनियम संमत केला. त्यानुसार ६ महिने ते ७ वर्षे कारावास आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. कर्नाटकातही २०१७ चा असाच अधिनियम आहे. झारखंडच्या २००१ च्या कायद्याच्या तर नावातच ‘डायन’ हा शब्द आहे.

भाषेच्या अभ्यासकाने महाराष्ट्राच्या अधिनियमाची अनुसूची अवश्य वाचावी. तीत जारणमारण, करणी आणि चेटूक हे शब्द आले आहेत. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने गुरांची दूध देण्याची क्षमता घटविते, रोगराई पसरण्यास कारणीभूत होते असे जाहीर करणे किंवा तसा संशय निर्माण करून तिचे जगणे मुश्कील करणे हा अपराध ठरविला आहे. चेटकाच्या नावाखाली मारहाण करणे, नग्न धिंड काढणे, दैनंदिन व्यवहारांवर बंदी घालणे हेही त्यात अंतर्भूत आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, या कलमांत कायदा करणी खरी की खोटी या वादात शिरत नाही. तो वाक्याचा कर्ता बदलतो. ‘तिने करणी केली’ या वाक्यात स्त्री कर्त्याच्या जागी होती. कायद्याच्या दृष्टीने वाक्य असे आहे : ‘तिने करणी केली, असे याने म्हटले.’ आता उत्तर द्यावे लागते ते म्हणणाऱ्याला. फिनमार्कमध्ये शासनाने आरोपाची बाजू घेतली होती. येथे शासनाने आरोप करणाऱ्यालाच जाब विचारला आहे. ऋग्वेदातील त्या शपथेच्या उत्तरार्धात खोटा आरोप करणाऱ्यासाठी जे शासन मागितले होते, ते एका अर्थी २०१३ मध्ये कायद्याच्या भाषेत उतरले, असे म्हणता येईल.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) ‘जादू’ हा शब्द वैदिक ‘यातु’ चा इराणी सगोत्र शब्द असून फारसीतून मराठीत आला. त्यातील ‘द’ हे या मार्गाचे निदर्शक आहे.

२) ‘चेटूक’ चे मूळ ‘चेटक’ म्हणजे सेवक या शब्दात आहे. ‘चेडा’, ‘चेडू’ ही त्याच कुळाची झिजलेली लोकरूपे होत. ‘चेटूक’ हे पोथीतून उचललेले अर्धतत्सम रूप असावे.

३) ‘करणी’, ‘कृत्या’, कन्नड ‘माट’, पोर्तुगीज ‘फेइतिसु’ आणि प्राचीन नॉर्स ‘गेर्निंगार’ या सर्व शब्दांत अभिचार म्हणजे ‘केलेले’ अशी एकच अर्थरचना आहे.

४) हे शब्द घटनेला कर्ता असल्याचे आधीच गृहीत धरतात. पुरावा नंतर शोधला जातो किंवा शोधलाच जात नाही.

५) पुल्लिंगी रूपांचा लोप आणि ‘चेटकीण’ चे टिकणे, यावरून कर्त्याच्या रिकाम्या जागी कोणाला बसविले गेले ते भाषेतच नोंदले गेले आहे.

शब्दाची व्युत्पत्ती सांगून कोणाचा जीव वाचत नाही, हे प्रस्तुत लेखिका जाणते. तथापि आपल्या वर्गांत येणारे विद्यार्थी ज्या घरांतून येतात, त्या घरांत ‘केलंय’ हा शब्द आजही उच्चारला जातो. तो ऐकल्यावर ‘कोणी?’ असे विचारण्याऐवजी ‘काय झाले आहे?’ असे विचारण्याची सवय त्यांना लावता आली, तर ताप आलेले मूल देवरुषाकडे नेण्याआधी दवाखान्यात पोहोचेल आणि शेजारच्या घरातील एकटी बाई निर्धास्त झोपेल. प्रश्नातील एक सर्वनाम बदलण्याचे हे काम भाषेच्या शिक्षकाच्या आवाक्यातील आहे.